परत येऊन सांगणारं पिल्लू

मोह पडायला लागला की आधी पाहुण्यांना कळतं. सफारीची जिप्सी जंगलाच्या गेटातून आत शिरते, पहाटेचा गारवा अंगावर येतो आणि मागच्या सीटवरून कुणीतरी विचारतं, "ड्रायव्हरभाऊ, हा वास कसला?" कुणाला तो पिकून गेलेल्या फळाचा वाटतो, कुणाला मिठाईच्या दुकानाचा. एका बाईंनी तर गाडीत काही सांडलंय का, असं विचारून पायाखालची चटई उचलून पाहिली होती. मी सांगतो, मोहाची फुलं पडून राह्यली मॅडम. त्या "अच्छा" म्हणतात आणि लगेच वाघाचं विचारतात. त्यांचं बरोबरच आहे, त्या वाघासाठी आलेल्या असतात. मला मात्र तो वास उचलतो आणि दर वर्षी त्याच एका मोसमात नेऊन सोडतो. इतकी वर्षं झाली, तरी तिथं गेलं की मला हसूच येतं.

मी मूळचा इकडचा नाही. माझं गाव सिरोंच्याकडचं, गोदावरीच्या काठचं. तिकडं उन्हाळा म्हणजे मिरच्या. अंगणात मिरच्या, शेताच्या कडेला मिरच्या, आणि वारा सुटला की अख्खं गाव शिंकतं. घरात तेलुगू, शाळेत मराठी. आठवीनंतर शाळा सुटली, ती का सुटली हे सांगण्यासारखं काही नाही, बऱ्याच जणांची सुटते. मग ट्रॅक्टर, मग ट्रकवर क्लीनर, आणि असं चाक फिरत फिरत मोहर्लीला येऊन जिप्सीवर थांबलं. नकाशात पाहिलं तर फार लांब नाही म्हणतील. पण नदी नाही, मासळी नाही, आणि रडू आलं तर ज्या भाषेत रडायचं ती भाषा घराबाहेर कुणाला कळत नाही, एवढं लांब आहे.

तिकडं आम्हाला नदीची भीती होती. पूर आला की रात्रभर पाणी ऐकत बसायचं. वाघ आम्ही कॅलेंडरवर पाहिलेला. इथं आलो तर तो शेजाऱ्यासारखा. कुणाच्या बांधावर त्याचा पाय उमटलेला, कुणाच्या गोऱ्ह्याला त्यानं नेलेलं, आणि लोक चहा पिता पिता त्याचं बोलणार. मी जन्माचा धास्तीखोर. गाडीचं चाक चार वेळा दाबून पाहणार, दाराची कडी लावून पुन्हा उठून पाहणार. बाकीचे ड्रायव्हर मला हसायचे. "अबे, तुये पाहुणे तं गाडीतच बसून राह्यले, तूच कायले खाली पायते?" पण हसणारे तेच आणि पहिल्या वर्षी राहायला खोली शोधून देणारेही तेच. ते मी विसरत नाही.

आणि विसरत नाही ती कौसल्याबाईंना. त्या आमच्या शेजारीण. इथं मोहाची फुलं वेचून, वाळवून विकतात, आणि त्या झाडांची वाटणी असते. कागदावर कुठं नसते, पण प्रत्येक झाड कुणाच्या घरचं ते गावाला ठाऊक असतं. दुसऱ्याच्या झाडाखालचं एक फूल कुणी उचलत नाही. आम्ही बाहेरचे, आमचं झाड कुठून असणार! माझी बायको सम्मक्का पहिल्या उन्हाळ्यात बाकीच्या बायांच्या टोपल्या भरताना नुसती पाहत उभी राहायची. एक दिवस कौसल्याबाई तिला हाताला धरून घेऊन गेल्या आणि नाल्याच्या वरच्या अंगाला असलेलं एक झाड दाखवून म्हणाल्या, "हे माया सासूचं झाड. आता मायाच्यानं इतक्या दूर नाई होत. हे तू वेचजो."

झाड मिळालं म्हणजे गाव मिळालं. सम्मक्का त्या दिवशी घरी आली ती पळतच. मीही कौसल्याबाईंच्या पाया पडलो. मग मी झाड बघायला गेलो आणि उताराच्या कडेलाच थांबलो. झाड मोठं, डेरेदार, फुलांनी लगडलेलं. पण त्याच्या खाली उतार, उताराखाली नाला आणि नाल्यात बांबूची दाट रांजी. त्या नाल्यात उन्हाळाभर पाणी टिकतं. पाणी कुणाकुणाला लागतं, ते मला रोज गाडी चालवून कळलेलं होतं.

मोह पहाटे पडतो. उजाडायच्या आत टपटप सुरू होते आणि ऊन चढेपर्यंत चालते. गाईगुरं, हरणं यायच्या आत वेचायचा तर पहाटेच जावं लागतं. बाया घोळक्यानं जातात, पण झाडापाशी पोचल्या की आपापल्या झाडाखाली पांगतात, आणि वेचायचं म्हणजे वाकूनच. वाकलेलं माणूस वाघाला माणूस दिसत नाही, असं इथले जाणते सांगतात. आणि सफारीचं गेट उघडतं तेही त्याच वेळी.

म्हणजे काय होत होतं ते पाहा. ज्या वेळी माझी बायको नाल्यावरच्या झाडाखाली वाकलेली, त्या वेळी मी पाच-सहा पाहुणे घेऊन त्याच जंगलात वाघ शोधत फिरणार. पाहुण्यांना दिसू दे म्हणून देवाला हात जोडणार, आणि त्याच श्वासात, तिला दिसू नको देऊ म्हणून पुन्हा हात जोडणार. देव तरी काय करेल! पहिला मोसम मी असा काढला. दुपारी घरी आलो आणि अंगणात फुलं वाळत घातलेली दिसली, की मगच मी पायातल्या चपला काढायचो. तिला जाऊ नको म्हणून पाहिलं. ती म्हणाली, "आपल्याले झाड देल्लं लोकाइनं. आता भेव वाटते म्हणून वापस करू का?" तिनं इकडची मराठी माझ्याआधी उचलली, आणि रागावली की ती त्याच मराठीत रागावते.

तेव्हा मी ठरवलं, पुढच्या मोहाआधी घरात कुत्रं पाहिजे.

कुत्रं पाहिजे म्हणालं की जगात सगळे शहाणे होतात. मी गाडीत पाहुण्यांना विचारायचो. पुण्याचे एक काका म्हणाले लॅब्रॅडॉर घ्या, फार प्रेमळ असतो. मी म्हणालो, वाघावर पण प्रेम करंल का? ते हसले, पण मी खरंच विचारलं होतं. नागपूरच्या एका मुलानं फोनवर जर्मन शेफर्डचे फोटो दाखवले. त्याचं ते कुत्रं कूलरपुढं झोपलेलं होतं. आमच्या घरी कूलरपुढं झोपायची पाळी आमचीच येत नाही.

चंद्रपूरच्या बाजारात एक जण खोक्यात पिल्लं घेऊन बसलेला मिळाला. पिल्लं इवलीशी, दुधावरची, एकमेकांच्या अंगावर चढून थरथरत होती. तो एकेकाचा पंजा माझ्यापुढं धरून म्हणे, "देखो भाई, डबल बोन! बडा होके शेर बनेगा."

मी म्हणालो, "इसकी माँ किधर है?"

"माँ का क्या करना है? पिल्ला लेना है के रिश्ता जोडना है?"

आजूबाजूचे हसले. माझेही कान तापले. पण मी पिल्लू हातात घेतलं, तर पोट टम्म फुगलेलं आणि नाक कोरडं. मी ते हळूच परत ठेवलं. बसमध्ये बसेपर्यंत ते माझ्याकडं बघतंय असं वाटत राहिलं. अजूनही कधीकधी वाटतं.

रस्ता दाखवला तो जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी. मी भीत भीतच गेलो होतो, आजारी जनावर नसताना डॉक्टरचा वेळ कशाला घ्यायचा म्हणून. ते म्हणाले, "चांगलं कुत्रं कुठं मिळेल ते मला नाही सांगता येणार. पण न बोलावता कुत्र्यांना लस टोचायला कोण आणतं, ते सांगतो." आणि त्यांनी मूल गावाच्या बाजूच्या एका खेड्यातल्या यमुनाबाईंचं नाव सांगितलं. मेंढरं पाळणारं घर. दर वर्षी ही बाई सगळी कुत्री ऑटोत भरून आणते, आणि ऑटोवाल्याशी भांडत आणते.

यमुनाबाई अंगणात खाटेवर बसून मेंढीच्या पायातला काटा काढत होत्या. मी मोटरसायकल लावतो न लावतो, तोच एक तांबूस कुत्री पुढं आली, मला पाहिलं, वळली, थेट यमुनाबाईंच्या पायांशी जाऊन उभी राहिली आणि तिथून भुंकायला लागली. अंगावर आली नाही. पण बाईंनी मान वर करेपर्यंत गप्पही बसली नाही.

"हे माय हाये पोराइची," बाई म्हणाल्या. "पाऊन घे. आधी मायले पायाचं. कायले पाहिजे तुले कुत्रं?"

मी सगळं सांगितलं. झाड, नाला, गेट, पहाट. त्यांनी काटा काढून मेंढीला सोडलं.

"म्हंजे जंगलात कोण जाते?"

"बायको जाते, बाई."

"मंग तू काऊन आला?"

मी मोटरसायकलची किल्ली बोटात फिरवत राहिलो.

"कुत्रं तिच्यासंग चालंल, का तुया गाडीत बसंल? ज्याच्यासंग चालाचं, थ्यानं निवडाव. जा घरी. बायकोले आण, लेकरू असंल तं लेकराले आण. आन पिल्लं आता मायजवळ हायेत, दूध सुटल्याबिगर मी कोणालेच देत नाई. पोळा झाल्यावर येजो."

इतक्या लांबून आलेल्या माणसाला पाणी पाजून तसाच परत पाठवला. मला वाईट वाटायला हवं होतं. उलट परतीच्या वाटेवर मी गुणगुणत होतो. इतकी वर्षं वस्तू विकणारे पाहिले. "आज नाई देत" म्हणणारं माणूस पहिल्यांदाच भेटलं होतं.

पोळा झाला. धान हिरवंगार उभं होतं, बांध्यांत पाणी चमकत होतं. मी, सम्मक्का आणि मध्ये आमची पोरगी रेणू, असे तिघं गेलो. यमुनाबाईंनी सम्मक्काला अंगणाच्या मधोमध बसवलं, मला म्हणाल्या, "तू तिकडं सर." पिल्लं मोकळी सोडली आणि स्वतः गोठ्यामागं गेल्या. थोड्या वेळानं गोठ्याच्या कोपऱ्यावरून एक काळं धूड सरकत सरकत अंगणात यायला लागलं. पोत्यात तणीस भरलेलं, वरून घोंगडं, आणि दोरी बाईंच्या हातात. रेणू किंचाळली. खरं सांगायचं तर मीही मागं सरलो.

एक पिल्लू, काळं, रुंद छातीचं, सरळ धावत गेलं आणि घोंगड्याला लोंबकळलं. माझा जीवच त्याच्यावर जडला. भित्र्या माणसाला शूर कुत्रं लागतं. दुसरं न आवाज करता खाटेखाली गेलं, ते दिसेनासंच झालं. तिसरं, आईसारखं तांबूस, अर्ध्या वाटेपर्यंत गेलं, नाक वर करून वास घेतला, आणि वळून जे पळालं ते सम्मक्काच्या पायांवर. मला वाटलं, हेही गेलं. पण ते तिथं उभं राहिलं, तोंड धुडाकडं केलं आणि भुंकायला लागलं. मध्येच मान वळवून तिच्या तोंडाकडं बघे, पुन्हा भुंके. ऐकलं का, ऐकलं का, असंच जणू.

"मला तो काळा आवडला," मी म्हणालो.

यमुनाबाई दोरी गुंडाळत आल्या. "आवडंलच. बिबट्याले बी तसलेच आवडते. अंगावर धावून जाते, आन वापस येत नाई. खाटेखाली गेलं थे सोताचा जीव वाचवंल, तुया बायकोचा नाई. हे पाय. हे जाते, पायते, आन येऊन सांगते. वाघाच्या मुलखात आखीन काय पाहिजे?"

"पण हे भेलं ना बाई."

"भेलंच तं! भेलं म्हणून त सांगतलं. तू बी भेला, मी पायलं. पण तू पोरीले टाकून मांगं सरला." आणि त्या इतक्या मोठ्यानं हसल्या की मेंढरं दचकली. सम्मक्काही हसली. मला चांगलंच झोंबलं, पण पिल्लू तोवर तिच्या मांडीवर झोपून गेलं होतं. निवड झाली होती, मला कुणी विचारलं नाही.

निघताना बाईंनी लसीचं सांगितलं, भातात मीठ घालू नको म्हणून सांगितलं आणि शेवटी बोट रोखून म्हणाल्या, "नाई जमलं तं रस्त्यावर सोडाचं नाई. मायाकडं आणून टाकाचं. अर्ध्या रातीले बी आणजो." बोलता बोलता त्यांनी त्या पिल्लाचे कान दोनदा उगाच नीट केले. ज्याला देताना इतकं जड जातं, त्याच्याकडूनच घ्यावं, एवढं मला त्या दिवशी कळलं. आता मला कुणी कुत्र्याचं विचारलं तर मी जात सांगत नाही, रंग सांगत नाही. माय दाखवतो का, घाई करतो का आणि परत घेतो का, एवढं पाहा म्हणतो.

नाव ठेवायचं राहूनच गेलं. आम्ही घरात त्याला 'कुक्का' म्हणायचो. तेलुगूत कुक्का म्हणजे कुत्रं, बाकी काही नाही. गावाला वाटलं तेच नाव. कौसल्याबाई हाक मारायच्या, "कुक्काबाबू, ये इकडं!" आणि बाबू जायचे. आता त्याचं तोंड पांढरं पडलंय. हे लिहितोय तर माझ्या जिप्सीखाली सावलीत पडलाय, एक कान उभा ठेवून.

त्या हिवाळ्यात सम्मक्कानं त्याला रोज नाल्यापर्यंत नेऊन आणलं. बायांनी आपसांत ठरवून घेतलं: कुक्का परत येऊन भुंकला की कोणी विचारायचं नाही, टोपली असेल तिथं सोडायची, एका जागी जमायचं, डबे वाजवायचे आणि गावाकडं निघायचं. पहिल्या काही वेळा तो सरड्याला भुंकला, एकदा मोराला. बाया डबे वाजवत घरी आल्या आणि मग हसून हसून बेजार झाल्या. "तुयं कुत्रं तं तुया नवऱ्यावर गेलं," असं म्हणाल्या. सम्मक्कानं ते मला घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं.

मग मोह आला. पळस फुलून गेला होता, सागाची पानं पायाखाली पापडासारखी मोडत होती. त्या सकाळी मी बफरच्या, म्हणजे गावालगतच्या जंगलाच्या, रस्त्यावर होतो, मुंबईचं एक कुटुंब गाडीत, शेजारी गाईड मारोती. एका वळणावर चितळ ओरडलं. मी गाडी बंद केली. बांबूतून वाघीण बाहेर आली, आणि आमच्या पुढून, घरच्या अंगणातून चालावं तशी रस्त्यानं चालायला लागली. मागं कॅमेरे कडकडत होते. कुणीतरी दबक्या आवाजात "थँक यू भाऊ, थँक यू" म्हणत होतं, जणू मीच तिला घेऊन आलो होतो.

वाघीण थांबली. डावीकडं पाहिलं. डावीकडं वळली.

डावीकडं उतार होता, नाला होता, आणि नाल्याच्या वर आमचं झाड.

मारोतीनं माझ्याकडं पाहिलं. त्याला माहीत होतं, त्याची बहीणही त्याच घोळक्यात जायची. तिथं फोनला रेंज नाही. जंगलात हॉर्न वाजवणं म्हणजे गाडी बंद, काम बंद, आणि या गावात मला उभं करणाऱ्या सगळ्यांच्या माना खाली. वाघीण गवतात शिरली. तिच्या पाठीचा पट्टा दिसत होता, मग तोही दिसेना. माझा हात हॉर्नवर गेला. तळहात टेकला. मी दाबणारच होतो.

तेवढ्यात खालून भुंकणं आलं.

ते मी झोपेतही ओळखीन. आधी एकदा, जवळून. मग क्षणभर काहीच नाही. मग पुन्हा, पण आता लांबून. अजून लांबून. तो तिच्या अंगावर जात नव्हता. तो पळत होता, माणसांकडं पळत होता. आणि मग एका जागी उभं राहून, थांबायचं नाव न घेता, ऐकलं का, ऐकलं का. त्यावर एका बाईची हाक. दुसरीची. मग डबे. टणटण टणटण, सगळं रान दणाणलं, पोळ्याला वाजत नाही असं वाजलं.

गवत हललं. वाघीण परत रस्त्यावर आली. कान मागं पाडलेले, वैतागलेली. आमच्याकडं ढुंकूनही न पाहता, चार ढांगांत रस्ता ओलांडून उजवीकडच्या टेकडीवर चढून गेली.

"अरे यार!" मागचे साहेब म्हणाले. "किती सुंदर लाइट होता! त्या कुत्र्यानं सगळी वाट लावली. कुणाचं आहे हो ते कुत्रं? जंगलात सोडतात कसे असे?"

"माझं आहे, साहेब," मी म्हणालो. इतक्या मोठ्यानं म्हणालो की मारोती तोंडावर रुमाल धरून खाली वाकला.

त्या दिवशी दुपारी घरी गेलो तर सम्मक्का फणकारलेली. अंगणात फक्त कालचीच फुलं होती. "तुमचं कुत्रं! झाडाखाली पिवळी चादर पडली होती नुसती, आन यानं वेचू देल्लं नाई. आल्या आल्या वरडाले लागलं. टोपली तिथीच राह्यली. कौसल्याबाई म्हणे डुक्कर असंल. आता सगळा मोह गाईच खातीन."

"तुला काही दिसलं?"

"काय दिसाचं? कायीच नोतं."

मी हसायला लागलो. मला थांबताच येईना. ओट्यावर बसलो आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं. रेणू येऊन माझं तोंड बघायला लागली.

"कायले हसून राह्यले?" सम्मक्का म्हणाली. "काय होतं तिथी?"

मी तिला तेलुगूत सांगितलं. हळूहळू, सगळं. रस्ता, डावीकडचं वळण, गवतात दिसेनाशी झालेली पाठ. ती उभीच होती. फुलं पसरवायचा हात तसाच राहिला. कुक्का वाळत घातलेल्या मोहाच्या कडेला बसून एक फूल चघळत होता, इतर वेळी तिनं त्यावरून काठी उगारली असती.

ती वळून आत गेली. भाताचं पातेलं घेऊन बाहेर आली, मीठ न घातलेला भात बाजूला काढला, त्यावर आमच्यासाठी बाजारातून मुद्दाम आणलेला मासळीचा तुकडा काटे काढून ठेवला, आणि घरातल्या माणसांच्या आधी त्याला वाढलं. मी हात धुऊन माझी पाळी यायची वाट पाहत बसलो.